आर्चटॉप गिटारचा सेटअप: आधी तारा, मग चाकं

आर्चटॉप, म्हणजे समोरची लाकडी छाती फुगीर असलेली गिटार, पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची तक्रार ठरलेली: तारा फार कडक आहेत, ताण कमी करायला पाना कुठे लावायचा? कुठेच नाही. तारेचा ताण तीनच गोष्टी ठरवतात: तारेचं वजन, नट (दांड्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (छातीवरचा तारांचा आधार) हे अंतर आणि तार कोणत्या सुराला लावली ते. ०.०१२ इंची पहिली (सगळ्यात बारीक) तार हे अंतर साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर नेहमीच्या सुराला लावली, की तिच्यावर साडेदहा किलोंच्या आसपास ताण येणारच, मग ब्रिज वर करा नाहीतर खाली. तीच तार गिब्सन कंपनीच्या ईएस-१७५ सारख्या पावणेपंचवीस इंचांच्या गिटारवर सुमारे ६ टक्के सैल पडते. ०.०११ ची घातली तर ताण १६ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे ताण दुकानातच ठरतो. घरी आपण बदलतो ती तारांची उंची, आणि बोटांना जाणवणारा ‘कडकपणा’ बराचसा त्या उंचीचाच असतो.

म्हणून सुरुवात तारांपासून. जॅझसाठी फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांचा ०.०१२ ते ०.०५२ चा सेट बहुतेकांना मानवतो: बोटं सरकताना कुरकुर नाही, सूर जरा गडद. गिटारला मॅग्नेटिक पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारं चुंबकी साधन) असेल तर ब्राँझच्या तारा टाळा, पिकअपला त्या नीट ऐकूच येत नाहीत. तिसरी तार वरून बारीक तार गुंडाळलेलीच घ्या. आर्चटॉपचा लाकडी ब्रिज बहुधा तिच्याच हिशेबाने कोरलेला असतो. तिथे साधी तार घातली तर फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबल्यावर ती चढी बोलते आणि आपण उगाच ट्यूनरला दोष देत बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गिब्सनने १९२२ मध्ये एल-५ ही गिटार आणली ती व्हायोलिनच्या धर्तीवर: फुगीर कोरलेली छाती, f आकाराची दोन एफ-भोकं, आणि नुसत्या तारांच्या दाबावर उभा असलेला ब्रिज. तो चिकटवलेला नसतो. सहाही तारांचा मिळून ७० किलोंच्या आसपास ताण असतो. ब्रिजवर त्या १२ अंशांत वळत असतील, तर त्याला खाली दाबणारं बळ १४-१५ किलो भरतं. सगळ्या तारा एकदम काढल्यात की ते बळ गेलं. मी एकदा ‘जरा पुसून घेऊ’ म्हणून नेमकं तेच केलं. ब्रिज घसरला, त्याच्या खालच्या कडेने पॉलिशवर बोटभर ओरखडा काढला, आणि मूळची जागा सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हा काम सुरू करण्याआधी एफ-भोकांच्या खाचांपासून ब्रिजच्या दोन्ही पायांचं अंतर मोजून वहीत लिहा, आणि एका वेळी एकच तार बदला.

नव्या तारा सुरात आल्या की नेक, म्हणजे गिटारचा दांडा, बघा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे गिटारच्या धडाला जुळते त्या फ्रेटवर दाबून धरा. मधोमध, सातव्या फ्रेटच्या आसपास, तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.२५ मिलिमीटर फट हवी. पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या धातूच्या सळीचा) आवळायचा नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा, तारा परत सुरात आणा, थोडं थांबा, पुन्हा मोजा. हाताला नट अडतोय असं वाटलं तर जोर करू नका. तिथून पुढचं काम कारागिराचं.

मग उंची. ब्रिजच्या दोन खांबांवर दोन छोटी पितळी चाकं असतात. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा: सहाव्या तारेला २ ते २.४ मिलिमीटर, पहिलीला १.६ ते २. ब्रिज वर उचलायचा असेल तर आधी तारा थोड्या सैल करा. भाराखाली चाक फिरवलं की आटे झिजतात. फार खाली उतरवायचा मोहही आवरा. जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमध्ये १९३७ पासून रिदम सांभाळणारा गिटारवादक फ्रेडी ग्रीन मुद्दाम उंच तारा ठेवायचा, कारण त्याला अख्ख्या ब्रास सेक्शनमधून ॲम्प्लिफायरशिवाय ऐकू यायचं होतं. तुम्ही पिकअपवर हळू वाजवत असाल तर ती उंची नको, पण तार फ्रेटला घासेल इतकं खालीही नको.

शेवटी सूर जुळवणं. ट्यूनर लावा. पहिल्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं हलकं बोट लावून काढलेला सूर) ऐका, मग तीच तार तिथे दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजची ती बाजू टेलपीसकडे (तारांची खालची टोकं जिथे अडकवलेली असतात तिकडे) सरकवा. उतरा असेल तर नेककडे. मग सहाव्या तारेसाठी दुसरी बाजू. सरकवताना तारा किंचित सैल असाव्यात आणि हालचाल एका वेळी अर्ध्या मिलिमीटरची. ब्रिज शेवटी तिरपा दिसेल, जाड तारांची बाजू जरा मागे. तसाच हवा.

तारा पुन्हा चढवताना बाजूने एक नजर टाका. खुंट्या पिळताना तारा ब्रिजचा माथा नेककडे ओढत नेतात, आणि पाय मात्र जागेवर राहतो. दोन्ही हातांनी माथा धरून तो हलकेच सरळ उभा करा. हे विसरलात तर सगळं मोजमाप वाया जातं.

मुंबई-कोकणात हे वर्षातून दोनदा करावं लागतं. पावसाळ्यात कोरलेली स्प्रूसची छाती ओलावा पिऊन फुगते, ब्रिज तिच्यासोबत वर जातो, आणि जुलैत तारा अचानक उंच वाटतात. चाकं अर्धा फेरा खाली घ्या. हिवाळ्यात लाकूड बसलं की परत वर. प्लायची छाती असलेल्या गिटार त्या मानाने निवांत असतात.

एवढं करूनही एखाद्याच सुरावर झणझण ऐकू आली, तर फ्रेट तपासण्याआधी ब्रिज आणि टेलपीस यांच्यामधल्या तारांवर तळवा ठेवून तोच सूर वाजवा. आवाज बंद झाला तर त्या तारांमध्ये फेल्टची एक पट्टी विणून टाका. नाही झाला, तर पिकगार्डचा (छातीवरच्या संरक्षक पट्टीचा) स्क्रू सैल असेल.