गृहभेटीला जाताना डॉक्टरांनी कोणता पोशाख करावा?

घरी जाऊन रुग्ण तपासताना पांढरा कोट घालणे आवश्यक नाही. उलट काहींचा रक्तदाब तो पाहूनच वाढतो, त्यामुळे साधे, स्वच्छ आणि नीटनेटके कपडे व दर्शनी जागी लावलेले ओळखपत्र पुरेसे ठरते.

खरे लक्ष बाह्यांकडे द्यावे. बाह्या कोपरापर्यंतच असाव्यात किंवा तेथवर दुमडाव्यात आणि घड्याळ, अंगठ्या आधीच काढून ठेवाव्यात, कारण हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुतले तरी घड्याळाच्या पट्ट्याखालची त्वचा कोरडीच राहते. टाय शक्यतो टाळावा. पलंगावर वाकताच त्याचे टोक थेट जखमेवर टेकते, आणि टाय रोज धुणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. जमिनीवरील अंथरुणाशेजारी गुडघे टेकून बसावे लागू शकते, म्हणून पँट सैल असावी. बूट बंद, न घसरणारे आणि चटकन काढता येणारे असावेत.

प्लास्टिकचा एप्रन, हातमोजे व मास्क पिशवीत ठेवावेत, परंतु ते दारातूनच चढवून आत शिरू नये. रक्त किंवा स्रावाशी संपर्क होणार असेल अथवा संसर्गाची शंका असेल, तेव्हाच वापरावेत.