राक्षसाचा तळपाय आधी बघा

गेल्या गड्ड्याच्या यात्रेत जुळे सोलापूरचा एक पोरगा होम मैदानावरून थेट माझ्या घरी आला. हातात शिंगवाला रबरी डायनासोर. "काका, रेअर आहे ओ हा. नेटवर एकाने दहा हजार लावलाय." मी तो उलटा करून तळपाय बघितला. कंपनीचं नाव नाही, साल नाही, राक्षसाचं नाव नाही, नुसतं 'चायना'. "लावलाय खरं, पण दिले का बे कुणी दहा हजार?" पोरगा गप्प.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मास्तर. राक्षसांची जुनी खेळणी जमवायचा नाद लागला तो 1975 साली. मामा जहाजावर होता, त्याने योकोहामाहून एक तपकिरी राक्षस आणला, डोक्यावर चंद्रकोरीसारखी शिंगं. आजी म्हणाली, रेडा आहे. पुढे तीस वर्षांनी कळलं की तो जपानी टीव्ही मालिकेतला राक्षस, नाव गोमोरा, आणि तोवर मी त्याच्या नखांना आईचं लाल नेलपॉलिश लावून त्याच्या किमतीची वाट लावून बसलो होतो.

पहिली गोष्ट. दुर्मिळ म्हणजे महाग, हे डोक्यातून काढा. आमच्याकडे एकदा रंगाचं प्रमाण चुकलं आणि चाळीस टॉवेल भलत्याच शेडमध्ये निघाले. तसली शेड जगात दुसरीकडे कुठे नसेल. विकले कसे? सेकंड म्हणून, किलोवर. खेळण्यांचंही तसंच आहे. किती उरलेत हा एक आकडा, किती जणांना हवेत हा दुसरा. पहिला आकडा हळूहळू हलतो, दुसरा एका रात्रीत बदलू शकतो. भाव चालतो दुसऱ्याच्या मागे.

'मॉन्स्टर इन माय पॉकेट' घ्या. 1990 साली निघालेले बोटभर उंचीचे रबरी राक्षस, पहिल्या मालिकेत 48. त्यांत चक्क काली होती, म्हणून ब्रिटनमधल्या हिंदूंनी आक्षेप घेतला. एवढ्या गाजावाजामुळे ती महाग असेल असं मला वाटलं होतं. छे. माल ढिगाने निघाला होता, इतर राक्षसांच्या लॉटमध्येच मिळाली. मी कपाटात ठेवली, आमच्या सौ.नी उचलून देवघरात ठेवली. आता तिथून हलवायची माझी छाती नाही.

आता तळपाय. जपानात 1966 साली टीव्हीवर अल्ट्रा क्यू आणि अल्ट्रामॅन या राक्षसांच्या मालिका सुरू झाल्या आणि मारुसान कंपनीने त्यांतले राक्षस सॉफ्ट व्हिनाइलमध्ये, म्हणजे मऊ प्लास्टिकमध्ये काढले. तिकडे याला सोफुबी म्हणतात. धातूच्या साच्यात पातळ व्हिनाइल ओतायचं, तापवायचं, आणि गरम असतानाच चिमट्याने ओढून काढायचं. 1968 च्या अखेरीस मारुसान बुडाली. तिथल्याच माणसांनी 1969 मध्ये बुलमार्क काढली, ती 1977 ला बंद पडली. मधली गंमत अशी की बुलमार्कने मारुसानचे बरेच साचे पुढे वापरले. म्हणजे अंग तेच, शिक्का वेगळा, रंग वेगळा. पुढे 1990 नंतर जपानात जुन्या घडणीचे राक्षस नव्याने निघाले, तेही दिसायला तसेच. म्हणून चेहऱ्यावर भाळू नका. विकणाऱ्याकडून दोन्ही तळपायांचे फोटो मागवा, उजेडात, तिरके, म्हणजे उठावाची अक्षरं वाचता येतील. जपानी येत नसेल तरी अक्षरांचे आकार जुळवता येतात; मी कन्नड पाट्या तशाच वाचायला शिकलो. फोटो द्यायला कुरकुर करणाऱ्याचा माल सोडा.

मग रंग. इथे माझा धंदा कामाला येतो. शेड जुळवायला आमच्याकडे लाइट बॉक्स असतो: एक बटण दिवसाच्या उजेडाचं, एक ट्यूबलाइटचं, एक यूव्हीचं. उन्हात एकसारखे दिसणारे दोन तपकिरी रंग ट्यूबलाइटखाली फटकन वेगळे पडतात, कारण आतली रंगद्रव्यं वेगळी. राक्षसावर नंतर कुणी रंगाचा हात फिरवला असेल तर तो असाच पकडला जातो. लाइट बॉक्स तुमच्याकडे कुठून येणार, पण यूव्ही टॉर्च स्वस्तात मिळते. अंधारात फिरवा. पोटावर एखादाच पट्टा टिनोपॉल घातलेल्या बनियनसारखा चमकला, तर विचारा. नव्याने रंगवलेला राक्षस विकत घेऊ नये असं नाही, फक्त मूळ रंगाचे पैसे मोजू नयेत.

सुटे भाग तपासा. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने 1977 साली शोगन वॉरियर्स या खेळण्यांच्या मालिकेत गॉडझिला काढला, दीड फुटाहून उंच. त्याचा एक पंजा बटण दाबलं की उडायचा. पोरांनी तो उडवला आणि तो पलंगाखाली गेला तो गेलाच. त्यामुळे तो राक्षस सापडतो, पंजा सापडत नाही, आणि आता नकली पंजे बसवून 'कम्प्लीट' म्हणून विकतात. पंजाचं प्लास्टिक अंगाच्या मानाने फारच तुकतुकीत दिसलं तर हात आखडता घ्या. जपानी राक्षसांत हेच काम पिशवीवरचा छापील कागद करतो. पोरं तो पहिल्या मिनिटाला फाडून टाकत, म्हणून ज्याच्यावर तो टिकला त्याचा भाव वेगळा.

भाव हलतो कशाने? सिनेमाने हलतो. गॉडझिला मायनस वन या सिनेमाला मार्च 2024 मध्ये ऑस्कर मिळालं, त्या हंगामात कधी नव्हे ते चौकशी करणारे मलाही भेटले. अशा वेळी विका, घेऊ नका. पुनर्निर्मितीनेही हलतो. अमेरिकेत ऑरोरा कंपनीची फ्रँकनस्टाइन, ड्रॅक्युला अशी सुटे भाग जोडून बनवायची मॉडेलं 1961 पासून निघाली, आणि 1990 च्या दशकात पोलर लाइट्स कंपनीने त्यांतली काही पुन्हा काढली. ज्याला नुसतं जोडायचं होतं त्याची गरज नव्यात भागली. बंद खोका हवा असणारा मात्र जुन्यामागेच राहिला. म्हणजे एकाच खेळण्याचे दोन बाजार झाले. आपण कुठल्या बाजारात उभे आहोत ते ठरवा. कधी कंपनीच आकार बदलते. जपानच्या बांदाई कंपनीचे अल्ट्रा मालिकांमधले राक्षस 1983 पासून साधारण 17 सेंटीमीटरचे यायचे, 2013 पासून 14 च्या आसपास आले. त्या दिवशी आधीचे सगळे 'जुने मोठे' झाले. माझा भर सध्या त्यांच्यावर आहे, कारण ते घेऊन वाढलेली पोरं आता कमावती झालीत.

आणि येन. याकडे आपले लोक बघतच नाहीत. 2020 च्या सुमारास शंभर येनला सत्तर रुपये पडायचे, 2024 च्या जुलैत बावन्नच्या आसपास. वस्तूचा जपानी भाव तसाच राहिला तरी आपल्याला चौथा हिस्सा स्वस्त. पण उलट बाजूने ड्युटी वाढली: खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70. शिवाय जपानी लिलावात आपल्या वतीने बोली लावणाऱ्या एजंटाचं कमिशन, पोस्टेज. माझा नियम असा: दारात येईपर्यंत बोलीच्या दुप्पट पडेल असं धरायचं आणि तेवढे खिशात असतील तरच बोली लावायची.

विकणारा मागतो तो भाव बघूच नका. बंद झालेल्या लिलावांचे, म्हणजे विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वहीत उतरवा. मी एका राक्षसाला एक पान देतो: तारीख, अवस्था, शिक्का, भाव. सहा-सात नोंदी झाल्या की सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा खोडतो. दोन माणसं इरेला पेटली की वरचा बनतो, कुणाचं लक्ष नसलं की खालचा.

शेवटी सांभाळणं, कारण सोलापूरचा उन्हाळा कुठल्याही बाजारापेक्षा जास्त भाव पाडतो. एप्रिलमध्ये लोखंडी कपाट म्हणजे भट्टी. व्हिनाइल मऊ ठेवणारं तेल तापलं की बाहेर येतं, राक्षस चिकट होतो, पाय वाकतात. वाकलेला पाय कोमट पाण्यात धरून सरळ करता येतो, चिकटपणा साबणाने तात्पुरता जातो. व्हिनाइलचा राक्षस कडक प्लास्टिकच्या मॉडेलला टेकवून ठेवू नका, ते तेल मॉडेलला खातं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, बातमी पोटावर उलटी उमटते.

रंगीत कापडातही नको. हे मी, डाइंग मास्तर, कुठल्या तोंडाने सांगू? 2011 साली एक पिवळा राक्षस मरून चादरीच्या सँपलमध्ये बांधून माळ्यावर ठेवला. जूनमध्ये काढला तर पाठीवर चादरीची अख्खी चौकट. व्हिनाइलने रंग असा प्यायला होता की आमच्या सुतानेही कधी प्यायला नसेल. तेव्हापासून कोरं मांजरपाट आणतो, बिनधुलाईचं, बिनरंगाचं, आणि गुढीपाडव्याच्या आधी सगळे राक्षस त्यात बांधून खालच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला लावतो. गोमोरा तेवढा उघडाच असतो, लाल नखांसकट, टीव्हीवर.