मुलाच्या दम्याचा फॉलोअप व्हिडिओ कॉलवर करताय? मग ही तयारी करून बसा

आमचा मुलगा सात वर्षांचा, दमा चौथ्या वर्षापासून. दर वेळी भांडुपहून परळला स्लो लोकलने न्यायचं, खोकणाऱ्या पोरांमध्ये दोन-तीन तास नंबर लावून बसायचं आणि येताना नवीन सर्दी घेऊन यायची, म्हणून आता डॉक्टरांशी बोलून एक फॉलोअप प्रत्यक्ष आणि एक व्हिडिओवर असं ठरवलंय. पहिली तपासणी मात्र प्रत्यक्षच करा, छाती स्टेथोस्कोपने ऐकायला हवी, ते फोनवर होत नाही. २०२० च्या सरकारी टेलिमेडिसिन गाइडलाइन्सप्रमाणे १६ वर्षांपर्यंतच्या मुलाबरोबर कॉलवर मोठं माणूस लागतंच. आणि ते मोठं माणूस म्हणजे जो रोज पंप (इनहेलर) देतो तो, आमच्याकडे संध्याकाळचा पंप आजी देते म्हणून आजीच शेजारी बसते.

कॉलच्या आधीचे चार आठवडे कॅलेंडरवर खुणा करा. रात्री खोकून उठला, खेळताना धाप लागून थांबला, त्रासाच्या वेळचा पंप द्यावा लागला, एवढंच. डॉक्टर हेच विचारतात, आणि 'तसा बराच आहे' या उत्तराचा त्यांना काही उपयोग नाही हो. त्रासाच्या वेळचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा कंट्रोलमध्ये नाही असं धरतात. बाजूला कारणही लिहा, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल, खालच्या मजल्यावरचं टाइल्स कापणं, गणपतीतला धूप, दिवाळीचे फटाके, मच्छरची कॉइल. रात्री घरघर झाली तर शर्ट वर करून छाती-पोट दिसेल असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, सकाळी कॉलच्या वेळी पोरगं हमखास ठणठणीत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेऱ्यासमोर पंप घेऊन दाखवा. फोन डब्याला टेकवून बाजूने ठेवा, उजेड तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको. आमच्याकडे आजी स्पेसरमध्ये (पंपाला पुढे लावायची नळी) दोन पफ एकदम मारत होती, लवकर आटपावं म्हणून, आणि आम्हाला कुणालाच ते चूक वाटलं नव्हतं, डॉक्टरांनी स्क्रीनवर बघताक्षणी थांबवलं. पंप हलवायचा, एकच पफ, स्पेसरमधून पाच-सहा शांत श्वास, मग पुन्हा हलवून दुसरा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळवायचा, फडक्याने पुसला की औषध आतल्या बाजूला चिकटतं.

पंपावर उरलेले पफ दाखवणारा काउंटर असेल तर तोही दाखवा. नसेल तर हिशोब करा, २०० पफचा पंप रोज चार पफने ५० दिवसांत संपतो, त्यानंतरही फुस्स आवाज येत राहतो पण आत औषध नसतं. वजन आणि उंची आदल्या दिवशी मोजून ठेवा, पीक फ्लो मीटर (फुंकरीचा जोर मोजायचं यंत्र) असेल तर तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहा.

पण एक नीट लक्षात ठेवा. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर झालेत, पोर सुस्त पडलंय किंवा पंप देऊनही आराम नाही, तर अपॉइंटमेंट शोधत बसू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्लॅनप्रमाणे पंप देत जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, नाहीतर १०८ ला फोन करा. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला दिसला तरी थांबू नका.

असा प्लॅन लिहून मिळाला नसेल तर याच कॉलवर मागून घ्या. कॉल संपला की प्रिस्क्रिप्शन आणि प्लॅन दोन्ही घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवा, एक प्रिंट फ्रिजवर आणि एक वर्गशिक्षिकेकडे.