न खोदता ड्रेनेज लाइन दुरुस्त करताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात नवीन आलेला माणूस आधी लायनर आत जाताना बघायला धावतो. बघण्यासारखं असतंच ते. लायनर म्हणजे रेझिनमध्ये (तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली फेल्टची, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाची लांब नळी. ती पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने मोज्यासारखी उलटत पाइपमध्ये शिरते, गरम पाण्याने किंवा वाफेने कडक होते आणि जुन्या पाइपच्या आत नवा पाइप उभा राहतो. एरिक वुड यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं.

तरी माझं सांगणं, सुरुवातीला कॅमेऱ्यावर बसा. काम बिघडणार की नाही, ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं. जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याने पाइप धुणं, झाल्यावर कॅमेरा सावकाश पुढे न्या आणि प्रत्येक घरजोडणीपाशी थांबून मान वळवून आत बघा. तोंडाखाली ओला ओघळ किंवा चिकट थर दिसला तर जोडणी चालू असण्याची शक्यता जास्त. कोरडी दिसली तरी लगेच बंद धरू नका, वरून पाणी सोडून खात्री करा. मॅनहोलपासूनचं अंतर आणि तोंड पाइपच्या कुठल्या बाजूला आहे ते घड्याळाच्या आकड्यांत (वर म्हणजे बारा), दोन्ही लिहून ठेवा. लायनर बसल्यावर ही सगळी तोंडं झाकली जातात, मग ती पुन्हा उघडायला आतून रोबोट कटर चालवताना तुमची नोंदच उपयोगी पडते.

तडे, सुटलेले सांधे, आत घुसलेली मुळं यांवर लायनर उत्तम. पण लाइन मध्येच खचून पाणी साचत असेल तर लायनरही तसाच खचलेला बसतो, आणि पार कोसळलेल्या पाइपात तो घालताच येत नाही. तिथे खोदावं लागेल हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगा.

मॅनहोलमध्ये उतरायची वेळ आली तर गॅस डिटेक्टर, हवा खेळती ठेवणारा ब्लोअर, हार्नेस आणि वर थांबलेला माणूस हवाच. वास येईनासा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाची जाणीवच मरते. या बाबतीत मुकादम कितीही घाई करो, ऐकू नका.

रेझिनचं गणित हळूहळू कळतं. भिजवलेला लायनर उन्हात राहिला तर वाटेतच कडक व्हायला लागतो, म्हणून तो थंड गाडीतून आणतात. कडक झाल्यावरही घाईने थंड करू नका, आकसतो. आणि कटरने तोंड उघडलं की ब्रश फिरवून कडा गुळगुळीत करून घ्या, नाहीतर चिंध्या आणि केस तिथेच अडकून लाइन पुन्हा तुंबते.