कॅनडाच्या सैन्यात जाताना दुसऱ्या भाषेची तयारी कशी करावी

2022 च्या अखेरीपासून कॅनडाच्या सशस्त्र दलांत कायम रहिवाशांनाही सरसकट अर्ज करता येऊ लागला, त्यामुळे नागरिकत्वाची वाट न पाहता तेथील मराठी घरांतल्या मुलामुलींनाही ही वाट मोकळी झाली. अशा उमेदवाराच्या मनात पहिली शंका येते ती फ्रेंचची. तिचे उत्तर सरळ आहे: भरतीसाठी इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एक भाषा पुरते. दुसरी भाषा पुढे कोणत्या टप्प्यावर आणि किती लागेल, हे आधी समजून घेतले, तर तयारीची आखणी नीट होते.

1969 चा राजभाषा कायदा आणि त्याची जागा घेणारा 1988 चा कायदा यांनी दोन्ही भाषांचा भार मुख्यतः संस्थेवर टाकला आहे, प्रत्येक सैनिकावर नव्हे. म्हणून तुकड्यांचे इंग्रजी, फ्रेंच आणि द्विभाषिक असे वर्गीकरण केलेले असते आणि द्विभाषिक ठरवलेल्या पदांना त्यांची पातळी नेमून दिलेली असते. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातील व्हाल्कार्त्ये येथे मुख्य तळ असलेली रॉयल 22 वी रेजिमेंट फ्रेंचमध्येच चालते. ‘बावीस’साठीचा ‘व्हँ-द’ हा फ्रेंच शब्द इंग्रजी कानांना जसा ऐकू आला, त्यावरून तिचे ‘व्हॅनडूज’ हे टोपणनाव पडले. तेव्हा अर्ज करतानाच आपली शाखा, अधिकारी की शिपाई हा मार्ग आणि बदलीची संभाव्य ठिकाणे यांचा अंदाज घ्यावा. अधिकारी व्हायचे असेल, तर फ्रेंच टाळता येईल असे मनात धरून चालू नये. किंग्स्टनच्या रॉयल मिलिटरी कॉलेजमध्ये अभ्यास, लष्करी नेतृत्व आणि व्यायाम यांच्या बरोबरीने द्विभाषिकता हा चौथा आधारस्तंभ मानला जातो.

पातळी तीन अक्षरांत लिहितात. पहिले अक्षर वाचनाचे, दुसरे लेखनाचे, तिसरे बोलण्याचे. ए म्हणजे प्राथमिक, बी म्हणजे मध्यम आणि सी म्हणजे प्रगत. ‘सीबीसी’ असे लिहिलेले दिसले, तर वाचन आणि संभाषण प्रगत, लेखन मध्यम असा त्याचा अर्थ, आणि सर्वोच्च पदांच्या वाटेवरील अधिकाऱ्यांकडून हीच अपेक्षा असते. लेखनाची अट संभाषणापेक्षा सौम्य ठेवली आहे, हे ध्यानात घ्यावे. माझ्या मते बहुतेक मराठी विद्यार्थी येथेच उलटे वागतात: क्रियापदांचे तक्ते घोटतात आणि तोंड उघडायचे पुढच्या महिन्यावर ढकलतात.

वास्तविक बोलण्याच्या बाबतीत मराठी माणसाच्या हाती आयते भांडवल आहे. सैन्यात कानावर पडणारे फ्रेंच प्रामुख्याने क्वेबेकचे असते, आणि तेथे ‘ई’ किंवा ओठ गोल करून काढलेल्या ‘ई’च्या आधी ‘त’चा ‘त्स’ आणि ‘द’चा ‘द्झ’ होतो. ‘तू’ या अर्थाच्या सर्वनामाची सुरुवात ‘चूल’मधल्या ‘च’ने करावी आणि मंगळवार म्हणजे ‘मार्दी’ म्हणताना ‘जहाज’मधला ‘ज’ वापरावा, की उच्चार जवळपास बसतो. इंग्रजीभाषक सहकाऱ्याला याच ठिकाणी अडखळावे लागते. तू आणि तुम्ही यांतला भेद आपल्याला शिकवावा लागत नाही, वरिष्ठांशी ‘व्हू’ आपोआप तोंडात येते. लिंगभेदही नवा नाही: रस्ता तो आणि वाट ती का, हे आपण कधी विचारत नाही, तसेच ‘ला रूत’ (रस्ता, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी) आणि ‘ल श्मँ’ (वाट, पुल्लिंगी) हे शब्द ‘ला’ किंवा ‘ल’ या उपपदासकटच पाठ करावेत. कोकणीभाषकांना अनुनासिक स्वरही सोपे जातात.

पॅरिसच्या पुस्तकांवर शिकलेल्यांनी मात्र जेवणाच्या वेळा नव्याने लिहून घ्याव्यात. क्वेबेकमध्ये ‘देजने’ म्हणजे सकाळची न्याहारी, ‘दिने’ म्हणजे दुपारचे जेवण आणि ‘सुपे’ रात्रीचे. ‘दिने’ची वाट पाहत संध्याकाळपर्यंत बसणारा उपाशी राहील. हुद्द्यांतही असाच चकवा आहे. फ्रेंच ‘आद्जुदाँ’ म्हणजे वॉरंट ऑफिसर, म्हणजे शिपायांतून वर आलेला ज्येष्ठ हुद्देदार, तर इंग्रजीतल्या ॲडज्युटंटला, म्हणजे तुकडीप्रमुखाचे प्रशासकीय काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, ‘कापितेन-आद्जुदाँ’ म्हणतात. या दोघांत गल्लत करणे मेसमध्ये हसण्यावारी जाईल, लेखी आदेशात जाणार नाही.

भरतीनंतरचे प्राथमिक प्रशिक्षण बहुतांशी मॉन्ट्रियलजवळच्या सँ-जाँ-स्युर-रिशेल्यू येथे होते आणि तेथे इंग्रजी व फ्रेंच अशा वेगवेगळ्या प्लाटून असतात. आपली प्लाटून इंग्रजी असली, तरी शेजारच्या मैदानावरून ‘गार्द-आ-व्हू’ म्हणजे सावधान आणि ‘रपो’ म्हणजे विश्राम ऐकू येत राहते. ते कानात साठवावे आणि भोजनालयात निदान रांगेतले दोन शब्द फ्रेंचमध्ये बोलावेत. पूर्णवेळ भाषावर्ग पदाची गरज पाहून दिले जातात, मागेल त्याला लगेच मिळत नाहीत, म्हणून पहिली पायरी स्वतःच चढून ठेवलेली बरी. त्यासाठी कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने काढलेले ‘मोरिल’ हे मोफत ॲप उपयोगी पडते, कारण त्यातले संवाद तेथील खऱ्या कार्यक्रमांतले असतात.

बोलण्याची पातळी ठरवणारी तोंडी चाचणी म्हणजे परीक्षकाशी प्रत्यक्ष संभाषण. बी पातळीला घडून गेलेली गोष्ट क्रमाने सांगता यावी लागते, एखादे काम समजावून देता यावे लागते. सी पातळीला ‘असे झाले असते, तर तुम्ही काय केले असते’ असा प्रश्न येतो आणि आपली भूमिका कारणांसह मांडावी लागते. म्हणून सराव करताना रोज एक प्रसंग, उदाहरणार्थ गाडी बंद पडली आणि ताफा अडकला, आधी भूतकाळात सांगावा आणि नंतर जर-तरमध्ये फिरवून सांगावा. निकाल साधारणपणे पाच वर्षे ग्राह्य असतो आणि काही पदोन्नतींच्या गुणांकनात तो मोजला जातो. त्यामुळे भाषावर्ग संपल्यावर, जीभ सैल असतानाच, चाचणीची तारीख घ्यावी.