टर्बो गाडीचं इंजिन उघडण्याआधी

पिकअप गेला, सायलेन्सरमधून निळा धूर येतोय, हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल उडतंय, एवढं सांगितलं की बहुतेक गॅरेजमध्ये 'हाफ इंजिन करावं लागेल' (म्हणजे इंजिन उघडून अर्धी दुरुस्ती) हेच उत्तर मिळतं. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) असलेल्या गाडीत ही तिन्ही लक्षणं नुसता तो गेला तरी दिसतात. म्हणून हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायच्या आधी एक दिवस फक्त तपासणीसाठी ठेवा आणि त्याची जुळवाजुळव आदल्या दिवशीच करा.

तयारीतला पहिला भाग म्हणजे काही गोष्टी न करणं. ऑइल बदलू नका, इंजिन धुऊ नका, बॅटरीची वायर काढू नका, गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड पुसू नका. स्कॅनर लावून सगळे कोड फ्रीझ फ्रेमसकट (कोड पडला त्या क्षणाच्या नोंदींसकट) आधी लिहून किंवा फोटो काढून ठेवा, कारण पुढे इंजेक्टरचे नि कॉइलचे कनेक्टर काढले की नवे कोड पडतात आणि जुने कोणते ते कळेनासं होतं. पी ०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) कमी. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या-त्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. ऑइलचा लाल दिवा लागत असेल किंवा आरपीएमबरोबर वाढणारी जड ठकठक खालून येत असेल, तर गाडी चालू न करता टोइंग करूनच आणा. डिझेल गाडीच्या इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) ऑइल साठलं असेल तर तीही चालू करू नका. इंजिन तेच ऑइल जाळत सुसाट सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

सामानात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजणारा) हवा. पेट्रोलचा ३०० पीएसआयपर्यंतचा चालतो, डिझेलला १००० पीएसआयचा आणि हीटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी बसणारा त्याच इंजिनाचा अडॅप्टर लागतो. अडॅप्टर नेमका मिळत नाही म्हणून डिझेलची चाचणी टाळली जाते, तेव्हा तो आधी शोधा. त्याशिवाय लीकडाउन टेस्टर (सिलिंडरात हवा भरून किती टक्के गळते ते दाखवणारा) आणि ७ बार हवा देणारा कॉम्प्रेसर, भोकातून आत जाणारा साडेपाच मिलिमीटरचा कॅमेरा, बॅटरी चार्जर, टॉर्क रेंच, लोहचुंबक, पांढरं फडकं, कागद-पेन.

थंड इंजिनावर डिपस्टिक नि कूलंट बघा. बीएस ६ डिझेलमध्ये ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि डिझेलचा वास, म्हणजे डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) अर्धवट रिजनरेशनमुळे, म्हणजे ती काजळी जाळायचं काम अर्धवट राहिल्यामुळे, डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. असं पातळ ऑइल बेअरिंग खातं. मग टर्बोच्या तोंडाचा होज काढा. शाफ्ट आडवा जरासा हलणं चालतं, ऑइलची फिल्म नसताना तो हलतोच; पण आत-बाहेर हाताला जाणवण्याइतका हलला किंवा पात्यांनी हाउसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो गेला. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा ओलावा नेहमीचाच, वाटीभर ऑइल निघणं नेहमीचं नाही. मात्र टर्बोवर शिक्का मारण्याआधी ब्रीदर (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी) आणि टर्बोचा ऑइल परतीचा पाइप मोकळा आहे का बघा. चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) दाब साठला की टर्बोतलं ऑइल खाली उतरत नाही, सीलमधून बाहेर पडतं, आणि चांगला टर्बो बदलला जातो.

इंजिन चालवण्याजोगं असेल तर गरम करून ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ चालते. धूर भकाभका येत असेल आणि झाकण उडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरातला वायू पिस्टनच्या खाली उतरतोय. कूलंट कमी होत असेल तर निळ्या द्रवाची चाचणी करा, म्हणजे कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढून रंग बघा. पेट्रोल गाडीत तो पिवळा झाला की जळका वायू कूलंटमध्ये येतोय, बहुधा हेड गॅस्केटमधून. मग इंजिन कोमट होईपर्यंत थांबून प्लग काढा, कारण कडक गरम अॅल्युमिनियम हेडमधले आटे प्लगबरोबर निघून येतात. प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडा. पोर्सेलीनवर चमकते बारीक ठिपके म्हणजे डिटोनेशनने (इंधन अवेळी भडकल्याने) वितळलेलं पिस्टनचं अॅल्युमिनियम. टर्बो पेट्रोलमध्ये कमी आरपीएमला जास्त बूस्ट मागितला की रिंगांमधला पिस्टनचा कडा तुटतो, तो असाच. इलेक्ट्रोड चेपलेला असेल तर आत काहीतरी पडलंय.

कॉम्प्रेशन घेताना इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉइल काढा, डिझेलमध्ये इंजेक्टरचे कनेक्टर. इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या रेलमधला दाब डिझेलला १६०० बारच्याही वर जातो, तेव्हा पाइपाला पाना लावू नका. चार्जर जोडलेला, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरला सारखेच सहा ते आठ ठोके. पेट्रोलला साधारण १५० ते १९० पीएसआय, डिझेलला ३५० ते ४५० येतात, पण मॅन्युअलमधला आकडा प्रमाण मानावा. त्याहून महत्त्वाचा सिलिंडरांमधला फरक: १५ टक्क्यांपुढे गेला की शंका घ्या. पेट्रोलमध्ये कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये हा प्रयोग करू नका. तिथे जागा इतकी थोडी असते की ऑइलनेच आकडा फुगतो.

लीकडाउन त्याहून खरं बोलतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वर) आणा, क्रँक पान्याने धरून ठेवा (हवा सोडताच तो फिरू शकतो, बोटं पट्ट्यापासून लांब ठेवा) आणि ऐका. ऑइलच्या झाकणातून हवा आली तर रिंग, थ्रॉटलकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडची भेग. १० टक्क्यांपर्यंत गळती चांगली, २० पर्यंत चालेल, ३० च्या पुढे काम काढावंच लागेल.

गाडी पावसाच्या साचलेल्या पाण्यातून काढलेली असेल तर आणखी एक मोजमाप करा. प्लगच्या भोकातून बारीक लाकडी काडी सोडून टॉपला प्रत्येक पिस्टन किती वर येतो ते बघा. एखादा पिस्टन इतरांपेक्षा एक-दोन मिलिमीटर खाली राहिला तर कनेक्टिंग रॉड वाकलाय. कॅमेऱ्यात त्याच बोअरच्या वरच्या काठावरचा काजळीचा पट्टा इतरांपेक्षा रुंद दिसतो.

सगळ्यात शेवटी ऑइल स्वच्छ भांड्यात काढा आणि फिल्टर उघडा. लोखंडी डब्याचा असेल तर फिल्टर कटरने कापा, हॅकसॉने नाही. करवतीचा चुरा आत पडतो आणि निकाल फसतो. कागदाच्या घड्या फडक्यावर पिळून पसरा. चुंबकाला चिकटेल ते लोखंड, न चिकटणारी पांढरी चमक अॅल्युमिनियमची, तांबूस झाक बेअरिंगच्या आतल्या थराची. तांबूस कण दिसले तर हेडला हात लावू नका. आधी चेंबर उतरवा आणि रॉडची बेअरिंगं काढून बघा. टर्बोही बहुधा त्याच चुऱ्याने गेलेला असतो, तेव्हा नवा बसवण्याआधी ऑइल कूलर नि टर्बोचा फीड पाइप बदला. कूलरमधला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही.