लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना काय बघायचं, काय विचारायचं आणि काय लिहून घ्यायचं

आमच्या ताईच्या लग्नात फोटोग्राफरचं पॅकेज ८ तासांचं होतं. हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं, बाबांनी "फुल डे" ऐकलं आणि हो म्हणून टाकलं. सकाळी ७ ला हळदीपासून कॅमेरे सुरू झाले, मुहूर्त १२:३५ चा, मग जेवणं, मग होम, सप्तपदी, आणि ३ वाजता टीम बॅगा भरायला लागली. झाल व्हायची होती ५ वाजता. म्हणजे दिवे लावलेली वेळूची टोपली मुलाकडच्यांच्या डोक्यावर टेकवतात आणि मुलगी सोपवतात तो विधी, ज्यात बाबा आख्ख्या लग्नात पहिल्यांदा रडले. त्याचा आमच्याकडे मावसभावाच्या मोबाईलवरचा एक हललेला फोटो आहे, बास. त्यानंतर घरातल्या तीन लग्नांत फोटोग्राफर बघायचं काम मी मागून घेतलं. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय.

पहिलं काम फोटोग्राफर शोधायचं नाहीच. आधी एक कागद घ्या आणि दोन्ही घरांचा कार्यक्रम वेळेसकट लिहा. ग्रहमख आणि देवक कधी, हळद कुठे, सीमांतपूजन आदल्या रात्री आहे की सकाळीच उरकणार, मुहूर्त किती वाजता, रिसेप्शन त्याच दिवशी का, गृहप्रवेश आणि लक्ष्मीपूजन कुठल्या गावात. मुलाचं घर साताऱ्याला आणि कार्यालय पुण्यात असेल तर माप ओलांडताना कॅमेरा हवा की नको हे आधीच ठरवा, नंतर प्रवासाचे पैसे वेगळे निघतात. हा कागद हातात असला की पॅकेज तुम्ही सांगता, नाहीतर समोरचा त्याचं ठरलेलं पॅकेज तुमच्या गळ्यात घालतो.

घाई मात्र तारीख ठरली की लगेच करा. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि चातुर्मासाच्या आधी संपतात, सगळी लग्नं तेवढ्यातच कोंबलेली असतात, एकाच चांगल्या मुहूर्ताला शहरातली सगळी कार्यालयं भरलेली असतात, मग चांगली माणसं सहा-आठ महिने आधीच बुक होतात.

शोधायचं कुठे? इन्स्टाग्राम बघा, पण गेल्या वर्षभरात ज्यांच्याकडे लग्न झालं त्यांना फोन करा, आणि "फोटो कसे आले" असं विचारू नका, "अल्बम किती महिन्यांनी मिळाला" असं विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी अडूनच बसते. एका लग्नाचे सगळे फोटो बघायला मागा. रील नको, निवडक ३० फोटो नकोत, एकाच लग्नाची पूर्ण गॅलरी, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत. शंभर लग्नांतले शंभर सुंदर फोटो कोणीही दाखवेल. एका लग्नातले ६०० फोटो कसे आहेत त्यावरून तुमचे कसे येणार ते कळतं. आणि जमलं तर मराठी लग्नाचीच गॅलरी मागा, कार्यालयात दुपारी झालेल्या. राजस्थानात पॅलेसमधे संध्याकाळच्या उन्हात काढलेले फोटो बघून आपल्या पिवळ्या ट्यूबच्या हॉलचा काही अंदाज येत नाही.

गॅलरी उघडली की मी या गोष्टी बघते. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाचे फोटो सलग आहेत का, त्यात नवरा आणि नवरी दोघांचेही चेहरे आहेत का, की फक्त अक्षता टाकणाऱ्या पाहुण्यांच्या पाठी आणि वर धरलेले मोबाईल. होमाच्या धुरात फोकस नीट लागलाय का. स्टेजवर जांभळे-निळे एलईडी असतील तर माणसांचे चेहरे कुठल्या रंगाचे झालेत. पंगतीत, मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आहेत का, की फक्त जोडी, दागिने आणि मेंदी.

आणि कातडीचा रंग बघा, हे मला मनापासून सांगायचंय. बरेच जण एडिटिंगमधे नवरीला सरसकट गोरी करतात. सावळी मुलगी तिच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममधे वेगळीच कोणीतरी दिसते, हे बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते की रंग आहे तसाच ठेवायचा आणि ते लिहूनही घेते. तसंच कपड्यांच्या रंगाचं. सध्याच्या फॅशनच्या एडिटिंगमधे हिरवा चुडा राखाडी होतो आणि मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री मातकट दिसते. दहा वर्षांनी ती फॅशन जाईल, अल्बम तसाच राहील.

भेटायला जाल तेव्हा स्टुडिओच्या मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा की आमच्या लग्नाला प्रत्यक्ष कोण येणार. सीझनमधे एका दिवशी एकाच स्टुडिओच्या तीन-चार टीम फिरतात, फोटो दाखवतात मालकाचे आणि येतो भलताच कोणीतरी. त्यात वाईट काही नाही, तो मुलगाही चांगला असू शकतो, पण मग त्याने काढलेली गॅलरी बघायची, मालकाची नाही.

मग विधींबद्दल बोला. परीक्षा घेतल्यासारखं नको, गप्पा मारल्यासारखं विचारा, "मंगलाष्टकं चालू असताना तुम्ही कुठे उभे राहता?" ज्याने मराठी लग्नं केलीत तो लगेच सांगेल की एक जण नवरीच्या मागच्या बाजूला, म्हणजे नवऱ्याचा चेहरा मिळतो, दुसरा नवऱ्याच्या मागच्या बाजूला, आणि व्हिडिओवाला समोरून. एकटाच माणूस असेल तर अंतरपाट सरकल्यावर दोघांपैकी एकाचा चेहरा जातो म्हणजे जातोच, कारण तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो आणि लगेच हार घालायची गडबड. कानपिळी तर त्याहून झटपट, भावाने कान पिळला आणि सगळे हसले की संपलं. सूनमुखाला सासू आरशात सुनेचं तोंड बघते, तिथे आरशातला चेहरा आणि सासूचा चेहरा एका फोटोत आणायला आधीपासून कोपरा धरून बसावं लागतं. हे ज्याला माहिती नाही तो भटजींना म्हणतो "गुरुजी जरा थांबा, परत एकदा करा." माझ्या मते ज्या फोटोग्राफरला विधी परत करायला लावावा लागतो त्याला घेऊ नये, मुहूर्त काही परत येत नाही. दुसऱ्या राज्यातला किंवा नवखा पण हुशार फोटोग्राफर असेल तर त्याला घ्यायला हरकत नाही, फक्त तासभर बसून क्रम समजावून सांगा आणि तो लिहून घेतोय का ते बघा.

सामानाबद्दल दोनच प्रश्न विचारते. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्ड आहेत का आणि दोन्हींवर एकाच वेळी फोटो सेव्ह होतात का, कारण एक कार्ड उडालं तरी दुसऱ्यावर लग्न शिल्लक राहतं. आणि बॅगेत जादाचा कॅमेरा असतो का. कंपनी कुठली, मेगापिक्सेल किती, यात डोकं घालून काही उपयोग नाही.

ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल, प्रीवेडिंग हे सगळं हौसेचं आहे, पैसे असतील तर करा. फक्त ड्रोनसाठी एवढं की २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, आणि विमानतळाच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही. पुण्यात लोहगाव, विमाननगरच्या बाजूला कार्यालय असेल तर ड्रोनचे पैसे द्यायच्या आधी परवानगी कोण काढणार ते स्पष्ट विचारा.

आता लिहून घ्यायचं ते. व्हॉट्सॲपवरचं कोटेशन म्हणजे करार नाही, सही असलेला एक कागद हवा, एक पान पुरतं. त्यात तारीख, ठिकाणं, येणाऱ्या माणसांची नावं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि वेळ वाढली तर तासाला किती. (ताईच्या वेळी हे एक वाक्य असतं तर आम्ही तिथेच दोन-तीन तास वाढवून घेतले असते, भर कार्यालयात कोणाशी भाव करायची वेळ आली नसती.) अल्बमची साइज आणि शीट किती, शीट वाढल्या तर दर काय, एडिट केलेले फोटो किती आणि किती दिवसांत, व्हिडिओ किती दिवसांत, न एडिट केलेले सगळे फोटो मिळणार का, त्यांच्याकडे बॅकअप किती दिवस राहणार. फोटोग्राफर आजारी पडला तर कोण येणार. घरात काही झालं आणि तारीख पुढे गेली तर ॲडव्हान्सचं काय. जीएसटी धरून आकडा आहे की वरून १८ टक्के लागणार.

एक मुद्दा फार कमी लोकांना माहिती असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. त्यामुळे छापील करारात बारीक अक्षरात "सर्व हक्क स्टुडिओकडे" असं असेल तर सही करायच्या आधी त्यावर बोला. तुमचे फोटो त्यांनी त्यांच्या पेजवर टाकायचे की नाही, हळदीतले घरगुती फोटो तरी वगळायचे का, हे मुलीला विचारून ठरवा, तिच्या वतीने काकांनी हो म्हणू नये.

पैसे टप्प्यांनी द्या. थोडे बुकिंगला, मोठा भाग लग्नाच्या दिवसापर्यंत, आणि निदान पाचवा हिस्सा अल्बम हातात आल्यावर. सगळे आधी दिले की अल्बमसाठी फोन करत बसावं लागतं. आणि घासाघीस करताना माणसं कमी करून किंमत उतरवू नका, अल्बमच्या शीट कमी करा. शीट वर्षभराने वाढवता येतात. उरलंच काही भांडण तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

लग्नाच्या आठवडाभर आधी दोन याद्या द्या. एक विधींची, वेळेसकट. दुसरी माणसांची, म्हणजे ज्यांचे फोटो हवेतच अशी, पण पन्नास नावं नकोत, दोन्ही घरांची मिळून वीस-पंचवीस बास. आजी, मामा, आत्या, लांबून आलेली शाळेतली मैत्रीण. नुसत्या नावांनी फोटोग्राफरला काही कळत नाही, म्हणून प्रत्येक बाजूने एक भाऊ किंवा बहीण त्याच्यासोबत ठेवा, जे खुणेने सांगतील की ह्या आजी, हे मामा. डेकोरेटरला सांगा की विधी होतात त्या जागेवर रंगीत लाइट नको, साधा पांढरा हवा. मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून एकदा सांगायला लावा की पुढे कोणी मोबाईल घेऊन उभं राहू नका. आणि टीमला पहिल्या पंगतीत बसवा, दोघं-दोघं करून. सकाळी ६ पासून उभी असलेली माणसं असतात ती, आणि शेवटच्या पंगतीपर्यंत उपाशी ठेवलं तर नेमके विधी चालू असताना जेवायला जातात.

लग्न झालं की त्याच आठवड्यात एडिट न केलेले फोटो आपल्या हार्ड डिस्कवर घ्या आणि आणखी एका घरी दुसरी कॉपी ठेवा, ड्राइव्हची लिंक काही दिवसांनी बंद होते. अल्बमसाठी फोटो निवडायचं काम महिन्याभरात संपवा, आपल्याकडे निम्मा उशीर आपल्यामुळेच होतो. आणि विधींचे दोन-तीन फोटो लगेच प्रिंट करून मागा, विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नाचा फोटो आणि पत्रिका लागते, तेव्हा अल्बमची वाट बघत बसू नका.